लाखोबासाठी वाजलेल्या टाळ्या

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आसपासच्या, शाळेत शिक्षिका आहेत. मध्यंतरी त्यांच्याकडे ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा प्रयोग लागला होता, नावं बदलून बायकांना फसवणाऱ्या लाखोबा या ठकाची ती गोष्ट. मुलगा, मुलगी आणि सत्तरीला आलेली मावशी यांना घेऊन त्या गेल्या. या मावशीचं लग्न ऐंशीच्या दशकात एका ‘इंजिनिअर’शी झालं होतं. काही महिन्यांतच तो तिचे दागिने घेऊन गेला तो गेलाच. त्याची पहिली बायको हयात असल्याचं नंतर कळलं. ‘चारचौघांत शोभा नको’ म्हणून आजोबांनी तक्रार केली नाही. मावशीने नोकरी केली, भाचरांची शिक्षणं पाहिली आणि त्या माणसाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. नाटकाच्या मध्यंतरात ‘डोकं दुखतंय’ म्हणून ती रिक्षाने घरी गेली. चांगली संध्याकाळ मोडली म्हणून ताईंना त्या क्षणी तिचा जरा रागच आला. त्या बसून राहिल्या, पोटभर हसल्या, शेवटी टाळ्याही वाजवल्या. घरी परतताना मात्र आपण काय केलं हे लक्षात येऊन त्यांच्या पोटात गोळा आला. भरीस भर म्हणजे मुलाबरोबर ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका पाहताना, अमली पदार्थ बनवणारा तो शिक्षक पकडला जाऊ नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागत होता आणि त्याच्या बायकोचा संताप येत होता. मुलाने तर त्या नायकाचा फोटो मोबाइलवर लावलाय. त्या विचारतात: माझ्यात काही खोट आहे का? असलं बघणंच बंद करावं का? आणि मावशीच्या नजरेला नजर कशी देऊ?

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा, मावशीचा. पण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुम्ही तिच्यापुढे मोकळेपणाने बसू शकणार नाही. म्हणून आधी तोच घेते.

नाटक कसं रचलंय ते जरा आठवा. आपली लाखोबा लोखंडेशी ओळख होते तीच कोर्टात, आरोपी म्हणून. म्हणजे तो आधीच सापडलेला आहे. साक्षीदार येतात, फिरता रंगमंच वळतो, मागे घडलेला प्रसंग समोर उभा राहतो आणि पुन्हा कोर्ट येतं. आचार्य अत्र्यांनी १९६२ साली हे नाटक एका खऱ्या खटल्यावरून रचलं, तेव्हा प्रेक्षकांची ही सोय त्यांनी पहिल्यापासून करून ठेवली. न्यायाधीश बसलेत, वकील बोलतायत, पोलिसांच्या हातून हा माणूस आता निसटणार नाही. याची खात्री असते म्हणून आपण बिनघोर हसू शकतो. हेच प्रसंग ओळीने मांडले असते, कोर्ट नसतं, एका घरात हा माणूस मुलगी पाहायला आलाय आणि आई आत कांदेपोहे करतेय एवढंच दाखवलं असतं, तर तुम्हाला हसू आलं असतं का? मला नाही वाटत.

दुसरी गोष्ट, टाळ्या नेमक्या कशाला होत्या? प्रभाकर पणशीकरांनी वर्षानुवर्षं ही भूमिका केली. लाखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री, राधेश्याम महाराज. रंगमंच फिरेपर्यंत वेश बदलायचा, आवाज बदलायचा, उभं राहण्याची ढब बदलायची. जो नट ही भूमिका करतो त्याला हे सगळं पेलावं लागतं, आणि ते पेललेलं पाहून हात आपोआप वर जातात. ते कौशल्य नटाचं, पण दिसतं लाखोबाच्या अंगावर. फसवणुकीचं नाटक करणारा माणूस आणि नाटक करणारा नट, दोघांचं काम एकच असतं. त्यामुळे दाद कुणाची आणि कुणाला गेली हे प्रेक्षकाला त्या क्षणी वेगळं काढताच येत नाही.

ही ओढ फक्त विनोदाने लागते असंही नाही. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’त एक प्रसंग आहे. मोटेलमधल्या बाईचा खून झालाय. तोवर सगळी गोष्ट आपण त्या बाईबरोबर पाहिलेली. आता तिथला तरुण मालक ती खोली साफ करतो. न्हाणीघराची फरशी पुसतो, सामान गोळा करतो, प्रेत गाडीत ठेवतो. हे काम बराच वेळ, फारसं न बोलता चालतं आणि आपण ते पाहत राहतो. मग तो गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी थिएटरमधल्या जवळपास प्रत्येकाला वाटतं, अरे, बुड ना! काही मिनिटांपूर्वी ज्या बाईसाठी जीव तुटत होता, तिचं प्रेत लपावं म्हणून आपण श्वास रोखतो. कारण एवढंच, की एक माणूस मन लावून एक अवघड काम करतोय आणि आपण त्याच्या शेजारी उभे आहोत.

चित्रपटांचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात एक उपयोगी भेद केलाय. एखाद्या पात्राच्या सोबत असणं वेगळं आणि त्याच्या बाजूचं असणं वेगळं. कॅमेरा ज्याच्या मागे चालतो, ज्याची गुपितं आपल्याला कळतात, ज्याची अडचण त्याच्या घरच्यांआधी आपल्याला ठाऊक असते, त्याच्या सोबत आपण आपोआप जातो. सोबत जाता जाता त्याच्या बाजूचे होतो, कारण गोष्ट तशी सोय करते. आधी त्याच्यावर अन्याय झालेला दाखवते, मग त्याच्याहून दुष्ट माणसं त्याच्यापुढे उभी करते. ‘ब्रेकिंग बॅड’चा वॉल्टर व्हाइट तसाच आपल्यापुढे येतो. कर्करोग झालेला, पगार न पुरणारा, गाड्या धुण्याच्या जागी जोडकाम करणारा मास्तर. त्याच्या भोवतीचे गुंड इतके भयंकर की हा आपला गरीब वाटतो. दुसऱ्या सीझनमध्ये जेन नावाची मुलगी नशेत, झोपेत, ओकारीने गुदमरते. तिला एका कुशीवर वळवलं की ती वाचेल. वॉल्टर तिथे उभा राहतो आणि वळवत नाही. तरीही त्यानंतरचे कितीतरी भाग आपण त्याच्या सुटकेसाठी झुरतो.

तर ताई, यात तुमची खोट नाही. चांगल्या माणसाचं मन फक्त चांगल्याकडेच जातं, हे तुम्ही गृहीत धरलंय. तसं नसतं. भासाच्या ‘ऊरुभंगा’त मरणाच्या दारातला दुर्योधन आहे. त्याचा छोटा मुलगा दुर्जय रोजच्या सवयीने मांडीवर बसायला येतो आणि मांड्याच फुटल्यामुळे बापाला त्याला बसवता येत नाही. भर सभेत द्रौपदीला उघडी करून दाखवली होती ती दुर्योधनाची मांडीच. नाटककाराने आपल्याला त्याच मांडीपाशी नेऊन रडवलं. हे रडणं द्रौपदीवरचा अन्याय पुसत नाही. दोन्ही एका वेळी मनात राहू शकतं, आणि राहतंच, हे संस्कृत नाटककाराला ठाऊक होतं.

मग काळजी करण्यासारखं काहीच नाही का? आहे. पण तुम्ही बोट ठेवलंय तिथे नाही.

तुमच्या पत्रात दोन रागांचा उल्लेख आहे आणि तुम्ही दोन्ही ओझरते लिहिलेत. एक, मावशी उठून गेली तेव्हा आलेला. दुसरा, वॉल्टरच्या बायकोचा. ती बाई करते काय? नवरा रात्री कुठे जातो, पैसे कुठून येतात, खोटं का बोलतो, असं विचारते. संसारात कुणीही विचारील तेच. पण आपण वॉल्टरच्या सोबत असल्यामुळे तिचा प्रत्येक प्रश्न आपल्या वाटेतला दगड होतो. हा राग इतका वाढला की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन या अभिनेत्रीला खुद्द तिच्याविषयीचा द्वेष सोसावा लागला आणि २०१३ साली तिने त्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. खुनी नवऱ्याचे चाहते आणि प्रश्न विचारणाऱ्या बायकोचे वैरी. इथे मला भीती वाटते.

खलनायकाचा लळा लागणं ही करामत गोष्ट सांगणाऱ्याची, आणि ती बहुतेक वेळा खेळ संपला की उतरते. जो तक्रार करतो त्याचा कंटाळा येणं मात्र आपल्यात आधीपासून मुरलेलं असतं. ‘चारचौघांत शोभा नको’ हे तुमच्या आजोबांचं वाक्य तेच सांगतं. ठकाने फसवलं ते राहिलं बाजूला, आता तू बोललीस तर आपली संध्याकाळ मोडेल, आपलं घर चर्चेत येईल. मी आजोबांना दोष द्यायला बसलेली नाही. त्या काळात, त्या गावात बापावर काय दडपण असेल ते आपण जाणतो. पण मावशीला त्या वेळी कोर्ट मिळालं नाही. लाखोबा पिंजऱ्यात उभा आहे म्हणून तुम्ही हसू शकलात. तिचा माणूस कधी पिंजऱ्यात उभाच राहिला नाही. मग ती कशी हसणार?

अभिनवगुप्त या काश्मिरी नाट्यमीमांसकाने हजारेक वर्षांपूर्वी रसास्वादात, म्हणजे नाटकाचा आनंद घेताना, येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असणं. नाटकातलं दुःख कुणा एकाचं न राहता सगळ्यांचं झालं तरच त्याचा रस होतो. ज्याची स्वतःची जखम उघडी आहे, त्याच्यापुढे नाटक नाटक राहत नाही. मावशीच्या बाबतीत तसं झालं असेल तर तिला नाटक कळलं नाही असं नव्हे, किंवा तिचं मन लहान आहे असंही नव्हे. नाटकातली गोष्ट तिला दूर उभं राहून पाहता येत नव्हती, इतकंच.

‘झालं असेल तर’ असं मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही तिला अजून विचारलेलं नाही. खरंच डोकं दुखत असेल. किंवा दुखावली असेल ती तुमच्या हसण्याने नाही, तर शेजारच्या रांगेतल्या कुणाच्या तरी शेऱ्याने, ‘बायकाच मूर्ख’ वगैरे. किंवा काहीही वाटलं नसेल. इतकी वर्षं ती घरात या विषयावर बोलली नाही, तेव्हा तिच्या मनातलं सगळे आपापल्या अंदाजाने ठरवत आलेत. आता आणखी एक अंदाज बांधू नका.

तिच्याशी बोला. एकटीशी, घरी मुलं नसताना. भाजी निवडताना किंवा फिरायला जाताना, समोरासमोर खुर्च्या टाकून नको. बोलायचं एवढंच: ‘मावशी, त्या दिवशी तू मध्येच उठलीस. मी उठायला हवं होतं तुझ्याबरोबर. मी हसत बसले, ते मला नंतर लागून राहिलं.’ इथे थांबा. ‘नाटकच तर होतं’ म्हणू नका. रडून तिच्याकडून समजूत काढून घेऊ नका, नाहीतर या वयात तिला पुन्हा दुसऱ्याचं मन सांभाळत बसावं लागेल. ती ‘छे गं, काय मनाला लावून घेतेस’ म्हणाली तर तेवढ्यावर सोडा. पुढे कधी तिला बोलावंसं वाटलं तर दार उघडं आहे हे तिला कळलेलं असेल.

आणि ती बोललीच, तर एक करा. गोष्ट त्या माणसाभोवती फिरू देऊ नका. आपल्याला उत्सुकता असते ती त्याचीच. कसा बोलायचा, कसा दिसायचा, कसं पटवलं, कसा पळाला. नाटकातही साक्षीदार येऊन जातात आणि अख्खा वेळ रंगमंचावर तो राहतो. तुम्ही तिचं विचारा. त्यानंतरची पहिली दिवाळी कशी गेली, नोकरीला अर्ज कुणाच्या सांगण्यावरून केला, पहिल्या पगारात काय घेतलं. गोष्टीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत असू दे.

आता मुलाचं. मोबाइलवरचा फोटो काढायला लावू नका. विशीतल्या पोराला त्या माणसातलं काय आवडतं? बहुधा हे, की सगळ्यांनी गृहीत धरलेला माणूस एका विषयात इतका पक्का असतो की लोक त्याला वचकतात. ही इच्छा त्या वयात कुणाला नसते? त्यावर व्याख्यान देण्यापेक्षा मालिका त्याच्याबरोबर पुढे बघा आणि अधूनमधून एखादा साधा प्रश्न टाका. जेनच्या बापाच्या बाजूने हीच गोष्ट सांगायची झाली तर सुरुवात कुठून करशील? बायकोने नेमकी चूक काय केली? पोरं अशा प्रश्नांना छान उत्तरं देतात, आपण उत्तर आधीच ठरवून विचारलं नाही तर.

हाच उद्योग पुस्तकांबाबतही करता येतो. १९६७ साली मराठीत शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. एकाने महाराष्ट्राला कर्णासाठी रडवलं, दुसऱ्याने त्याच कर्णाकडे थंड डोक्याने पाहिलं. द्यूतसभेत द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणणारा हाच कर्ण, हे मूळ महाभारतात आहे. तुमच्या घरी ही दोन्ही पुस्तकं असतील तर मुलामुलीला पाठोपाठ वाचायला द्या. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. गोष्ट जेव्हा खऱ्या, अलीकडच्या गुन्ह्यावर असते, तेव्हा पाहताना वेगळं भान हवं. शेअर दलाल हर्षद मेहतावरची मालिका २०२० मध्ये आली आणि पार्श्वसंगीतासकट लोकांच्या मनात बसली. काम उत्तम होतं, यात शंका नाही. पण १९९२ च्या त्या घोटाळ्यात ज्यांची पुंजी बुडाली ते लोक काल्पनिक नाहीत, त्यांतले बरेच आजही हयात आहेत. अशी मालिका पाहून ‘काय डोकं होतं बुवा’ म्हणताना त्या खोलीत कुणी पैसे गमावलेलं बसलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवा. जेवणाच्या टेबलावर खऱ्या ठकाचं कौतुक आणि तक्रार करणाऱ्याची टिंगल सुरू झाली, तर तिथे जरूर टोका. मुलगा असो, नवरा असो, नाहीतर पाहुणे.

बघणं बंद करण्याची गरज नाही. कुणाला बरोबर नेतोय हे मात्र आधी बघा. नाटक-सिनेमाला जाताना आपण गाडी कुठे लावायची ते विचारतो, तसं ‘विषय असा असा आहे, तुला चालेल ना?’ हेही विचारावं. आणि कुणी मध्येच उठलं तर घरातल्या एकाने त्यांच्यासोबत उठावं, कारण न विचारता.

हे सदर मावशीसारख्या बायकाही वाचतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. नको वाटलं तर उठून जा, त्याचा खुलासा कुणाला द्यायला तुम्ही बांधील नाही. आणि आज कुणाच्या घरी असं घडत असेल, तर पहिलं लग्न लपवून दुसरं करणं हा गुन्हा आहे. मावशीच्या वेळीही होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये येतो आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लग्नाचे फोटो, पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या, मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा, काहीही पुसू नका. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, जवळच्या मदत केंद्राची आणि कायदेशीर मदतीची माहिती तिथे मिळते. घरचे ‘शोभा नको’ म्हणाले, तर त्यांना हे पत्र वाचायला द्या.